लखनौचे संग्रहालय आणि लखनौचे कसब

लखनौचे राज्य संग्रहालय आज अभ्यासकांना ठाऊक आहे ते मुख्यतः मथुरेच्या कंकाली टीळ्यातून निघालेल्या जैन शिल्पांमुळे. आयागपट, स्तूपाच्या कठड्याचे खांब, कुषाणकालीन लेख कोरलेल्या प्रतिमा हे सारे पाहण्यासाठी देशोदेशीचे विद्वान तेथे येत आले आहेत. शाळेच्या सहलीतून येणाऱ्या मुलांना मात्र आठवते ती तेथील ईजिप्तची ममी. या दोहोंपैकी एकाही गोष्टीसाठी हे संग्रहालय स्थापन झालेले नव्हते. १८६३ मध्ये लखनौचे कमिशनर कर्नल अ‍ॅबट यांनी गोमतीकाठच्या छोटी छत्तर मंझिलमध्ये ते सुरू केले, तेव्हा अवधच्या हस्तव्यवसायांचे नमुने आणि तेथील लोकांच्या चालीरीती, समजुती, आचार दाखवणाऱ्या वस्तू एकत्र मांडाव्यात एवढाच त्यामागचा हेतू होता. म्हणजे आज ज्याला आपण हस्तकला संग्रहालय म्हणू, तसे काहीसे त्याचे मूळ रूप होते. हे रूप पुढे का पालटले, आणि ज्यांच्या हातच्या वस्तूंसाठी ही वास्तू उघडली गेली त्या कारागिरांच्या कसबाचे जतन अखेर कोणी केले, हा या निबंधाचा विषय आहे.

१८६३ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेले. पाठोपाठ १८५७ चा उठाव झाला. लखनौच्या वेढ्याने आणि नंतरच्या लढाईने शहर होरपळले. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी सैन्याच्या हालचालींना वाट मोकळी राहावी म्हणून दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि त्यासाठी मोहल्लेच्या मोहल्ले जमीनदोस्त केले. दरबार गेला, दरबारावर पोसलेले अमीर-उमराव गेले किंवा निर्धन झाले, आणि त्या अमीर-उमरावांच्या अंगावरचा, दिवाणखान्यातला, पानदानातला ऐवज ज्यांच्या हातून घडत होता ते कारागीर निराधार झाले. संग्रहालय उघडले ते या उलथापालथीनंतर अवघ्या पाच-सहा वर्षांनी. ज्या सत्तेने या कारागिरांचा आश्रयदाता हिरावून घेतला, तिनेच त्यांच्या हातचे नमुने कपाटात मांडले. यात ढोंग होते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु जी वस्तू सहज वापरात असते तिचे कोणी संग्रहालय करीत नाही. अवधच्या कारागिरीचे संग्रहालय करावेसे वाटले, याचाच अर्थ ती कारागिरी आता मागे पडणार असे निदान काही जणांना दिसू लागले होते.

त्या काळात हस्तव्यवसायांचे नमुने गोळा करण्यामागे केवळ कौतुक नव्हते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापडाने आणि भरतकामाने युरोपचे डोळे दिपवले, आणि तेव्हापासून या मालाची पद्धतशीर नोंद करण्याची निकड व्यापारी इंग्लंडला भासू लागली. फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानातील कापडांच्या प्रत्यक्ष तुकड्यांचे अठरा खंड सिद्ध केले. त्यात ७०० नमुने होते आणि त्यांचे २० संच तयार करण्यात आले. त्यांपैकी १३ ब्रिटनमधील ठिकाणांना आणि ७ हिंदुस्थानला देण्यात आले. या खंडांना त्यांचे कर्ते संग्रहालयेच समजत होते. हिंदी माणूस काय नेसतो, काय पांघरतो, हे ब्रिटिश गिरणीवाल्याला घरबसल्या कळावे आणि त्याला तसे कापड विणून येथे पाठवता यावे, हा त्यांचा उघड उपयोग होता. संग्रह करणे आणि उखडून टाकणे ही दोन कामे एकाच हाताने एकाच वेळी चालू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मराठी वाचकाला या इतिहासाची एक घरची बाजूही परिचित आहे. मुंबईच्या भायखळ्यातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, ज्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, त्याचा उगमही याच प्रदर्शनांत आहे. कोटातील बराकीत ठेवलेला त्याचा मूळ संग्रह १८५७ च्या धामधुमीत सैन्याला जागा हवी म्हणून घाईघाईने हलवला गेला आणि त्याची नासधूस झाली. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट यांच्या खटपटीने १८६२ मध्ये नव्या इमारतीचा पाया घातला गेला आणि १८७२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. त्या संग्रहालयात आजही धातूकाम, हस्तिदंताचे काम आणि निरनिराळ्या जातीजमातींच्या व धंदेवाईकांच्या मातीच्या प्रतिकृती पाहायला मिळतात. लखनौचे कुंभारही अशाच प्रतिकृतींसाठी नावाजलेले होते. भिश्ती, धोबी, पिंजारी, शिंपी यांच्या बोटभर उंचीच्या मूर्ती ते घडवीत, आणि त्या मूर्ती परदेशांतील प्रदर्शनांतही पोचल्या. कारागिराने घडवलेल्या कारागिराच्या या प्रतिमेला संग्रहालयात स्थान मिळाले, पण ती घडवणाऱ्याचे नाव सहसा कोणी नोंदवून ठेवले नाही.

लखनौचे संग्रहालय प्रथम नगरपालिकेच्या दर्जाचे होते. १८८३ मध्ये त्याला प्रांतिक संग्रहालयाचा दर्जा मिळाला आणि पुढे ते लाल बारादरीत, म्हणजे नवाबांच्या जुन्या राज्याभिषेकाच्या महालात गेले. १८८५ मध्ये आलॉइस फ्युरर हा जर्मन विद्वान त्याचा अधीक्षक झाला. १८८८ ते १८९१ या काळात त्याने मथुरेच्या कंकाली टीळ्यावर उत्खनन केले आणि शेकडो शिल्पे लखनौला आणली. फ्युररची कारकीर्द पुढे मोठ्या बदनामीत संपली. बनावट लेख आणि खोटे अवशेष यांचे प्रकरण उघडकीस येऊन १८९८ मध्ये त्याला पद सोडावे लागले. परंतु त्याने आणलेले दगड खरे होते, आणि त्या दगडांनी संग्रहालयाचा स्वभाव बदलला. दगडावर लेख असतो, लेखात राजाचे नाव आणि वर्ष असते, त्यावरून वंशावळी जुळवता येतात, धर्माचा इतिहास मागे नेता येतो. टोपीवरच्या टाक्यावर असे काही कोरलेले नसते. शिवाय ती टोपी चौकातल्या दुकानात अजून विकत मिळत होती. बाजारात मिळणारी वस्तू कपाटात कशाला ठेवायची, असा प्रश्न त्या काळच्या अधीक्षकाला पडला असेल तर त्यात नवल नाही. हस्तव्यवसायांविषयीचे कुतूहल मग इतरत्र वळले. औद्योगिक प्रदर्शने भरू लागली, १८८४ पासून भारतीय कलेला वाहिलेले एक नियतकालिक लंडनहून निघू लागले, एकेका प्रांतातील एकेका धंद्यावर सरकारी पुस्तिका लिहिल्या गेल्या. संग्रहालयात मात्र उत्तरोत्तर पुरातत्त्वाचे राज्य झाले. १९५० मध्ये त्याचे नाव राज्य संग्रहालय झाले आणि १९६३ मध्ये, स्थापनेला बरोबर शंभर वर्षे होत असताना, बनारसी बागेतील त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. नवाबी काळातील वस्तूंना तेथे जागा आहे. पण ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांच्या वाट्याला अखेर घरातील एक खोली आली, असेच म्हणावे लागते.

मग त्या काळच्या कसबाची नोंद राहिली कोठे? याचे एक उत्तर अनपेक्षित आहे. १८८० मध्ये विल्यम होई या सनदी अधिकाऱ्याने उत्तर हिंदुस्थानातील व्यापार आणि उत्पादन यांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. होई लखनौमध्ये परवाना-कराच्या आकारणीचे काम पाहत होता. कोणत्या धंद्यावर किती कर बसवावा हे ठरवण्यासाठी त्याला प्रत्येक धंद्याचा कच्चा माल, कृती, मजुरी, नफा यांची माहिती हवी होती, आणि ती त्याने गल्लोगल्ली हिंडून मिळवली. त्यामुळे ज्यांना संग्रहालयाच्या कपाटात केवळ वस्तूच्या रूपाने स्थान मिळाले, ते कारागीर त्याच्या पुस्तकात माणसांच्या रूपाने आले. कोण कोणाकडून उचल घेतो, मालाचा मालक कोण, हाताचा मालक कोण, हे सारे तेथे आहे. दुसरे उत्तर उर्दूत आहे. अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ च्या सुमारास आपल्या ‘दिलगुदाज़’ मासिकातून लखनौच्या गतवैभवावर लेखमाला सुरू केली. ती ‘गुज़िश्ता लखनौ’ या नावाने प्रसिद्ध आहे. शरर यांचे बालपण आणि तरुणपणाचा काही भाग मटियाबुर्जला, पदच्युत नवाबाच्या सावलीत गेला होता. टोप्यांच्या घाटांपासून दस्तरखानापर्यंत आणि पतंगांपासून मर्सियाच्या पठणापर्यंत एका संस्कृतीची अंगेउपांगे त्यांनी टिपली. करवसुली करणाऱ्याचा प्रबंध आणि हरपलेल्या शहराचा शोक करणाऱ्याची लेखमाला, या दोन अगदी भिन्न वृत्तींच्या पुस्तकांनी मिळून जे जपले, ते कपाटांना जपता आले नाही.

पण नोंद म्हणजे कसब नव्हे. चिकनकारीचेच उदाहरण घेऊ, कारण लखनौ म्हटले की प्रथम तीच आठवते. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या धाग्याने भरलेले हे काम कोठून आले याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. नूरजहानचे नाव तीत घेतले जाते, आणि तहानलेल्या वाटसरूने पाणी देणाऱ्या गावकऱ्याला ही विद्या शिकवली अशीही एक कथा कारागीर सांगतात. दंतकथेपेक्षा कृती अधिक बोलकी आहे. कापड बेतून शिवल्यावर छिपी लाकडी ठशांनी त्यावर नक्षी उमटवतो. तिचा निळसर रंग धुतल्यावर निघून जाणारा असतो. मग भरतकाम होते. टेपची हा साधा धावदोरा. बखिया कापडाच्या उलट बाजूने भरायचा, म्हणजे धाग्याची दाट वीण मागे राहते आणि सुलट बाजूवर पाकळीची नुसती सावली उमटते. फंदा बाजरीच्या दाण्याएवढा, मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी. जाळीत तर एकही धागा तोडायचा किंवा ओढून काढायचा नसतो. सुईच्या टोकाने ताणा आणि बाणा यांना हलकेच बाजूला सारून, त्यांना तसेच बांधून ठेवून, कापडातच झरोके पाडायचे असतात. हे काम संपले की वस्त्र धोब्याकडे जाते. गोमतीकाठच्या धोब्यांचे हे काम वेगळ्या जातीचे. निळा ठसा आणि हातांचा मळ निघून जावा, पण बखियाचा एकही धागा उसवू नये, ही त्यातली खुबी. एका कुडत्यामागे असे पाच-सहा वेगवेगळे धंदे उभे असतात. यांपैकी संग्रहालयाच्या कपाटात येतो तो फक्त कुडता.

पूर्वी या कलेतील नामांकित उस्ताद पुरुष असत. दरबारी आणि नंतर श्रीमंत गिऱ्हाईक आटत गेले, स्वस्त मालाची मागणी वाढली, तसतसे काम घराघरांतल्या स्त्रियांच्या हातात आले. जुन्या लखनौच्या चौकाभोवतालच्या मोहल्ल्यांत आणि सभोवारच्या खेड्यांत हजारो स्त्रिया, त्यांतील बहुसंख्य मुसलमान, घरबसल्या चिकन भरतात. दलाल माल आणून टाकतो, नगावर मजुरी ठरते, आणि व्यापारी ते भरणारी यांच्यामध्ये मध्यस्थांची एक लांब साखळी असते. क्लेअर विल्किन्सन-वेबर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात हे सारे जवळून मांडले आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. काम करणारे हात वाढले, पण सर्व टाके जाणणारे हात कमी झाले. ज्या टाक्याला वेळ कमी लागतो त्याचीच मागणी असते, आणि जिला महिनाभर जाळी भरून बखियाएवढीच मजुरी मिळणार ती जाळी भरणार नाही, आणि आपल्या मुलीलाही शिकवणार नाही. एखादा टाका असा कोणाच्या लक्षातही न येता नाहीसा होतो. मुजफ्फर अली यांच्या १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटात याच स्त्रिया आणि त्यांच्या मजुरीचा झगडा आहे. त्याआधी दोन वर्षे, १९८४ मध्ये, लखनौत ‘सेवा’ ही संस्था निघाली. दलालांना वगळून स्त्रियांना थेट काम देणे आणि विस्मृतीत चाललेले टाके पुन्हा शिकवणे ही दोन्ही कामे तिने एकत्र केली. तिच्या एक संस्थापक रुना बॅनर्जी यांना पुढे २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. वेतन आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे या संस्थेने ओळखले होते.

येथे लखनौशी मराठी माणसाचे जे सर्वांत मोठे नाते आहे त्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. वाजिद अली शाह यांच्या कैसरबागेतील परीखान्यात आज संगीताचे जे विद्यापीठ नांदते त्याला पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे नाव आहे. १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज या नावाने ते सुरू झाले आणि १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा वाहिली. भातखंड्यांच्या पुढचा प्रश्न चिकनच्या प्रश्नाहून फारसा निराळा नव्हता. विद्या घराण्यांत होती, उस्तादांच्या गळ्यात होती, आश्रयदाते संपत चालले होते, आणि उस्तादाबरोबर चीजही जमिनीत जाईल अशी भीती होती. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून चिजा मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले, क्रमिक पुस्तके छापली. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी शाळा काढली. शाळेत घराण्याची खासियत बोथट होते हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो निराधार नाही. तरीही ज्याच्या घरात कोणी गायले नव्हते अशा मुलालाही ही विद्या मिळू शकेल अशी वाट त्यातून निघाली. लखनौत १९११ मध्ये सरकारी कलाशाळाही निघाली होती, आणि १९२५ पासून असितकुमार हलदार यांच्यासारखा चित्रकार तिचा प्राचार्य होता. पण चिकनकारीला भातखंडे मिळाले नाहीत. याचे कारण बहुधा प्रतिष्ठेत आहे. गाणे ही विद्या मानली गेली, टाका ही मजुरी मानली गेली.

ही भिंत सगळीकडे अशीच होती असे नाही. लखनौला संग्रहालय उघडले त्याच १८६३ साली उत्तर युरोपात, तेव्हा रशियाच्या अमलाखाली असलेल्या फिनलंडमध्ये, युव्हॅस्क्युला या लहानशा गावी उनो सिग्नेउस यांनी शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय स्थापन केले. हाताला शिकवल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही अशी त्यांची धारणा होती. १८६६ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने फिनलंडमध्ये हस्तकौशल्य हा शाळेतील सक्तीचा विषय झाला. यातून सुतार किंवा शिंपी घडवण्याचा उद्देश नव्हता. प्रत्येक मुलाच्या हाताला आणि डोळ्याला वळण लागावे हा होता. त्याच युव्हॅस्क्युला गावात आज फिनलंडचे राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. जुन्या विणकामाचे, भरतकामाचे, लाकूडकामाचे नमुने तेथे जपले जातात, आणि प्रांतोप्रांतीच्या पारंपरिक पोशाखांची बारकाईने पारख करून ते नव्याने कसे शिवावेत हे सांगणारे केंद्रही तेथेच आहे. त्या संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकाने कधी ना कधी शाळेत सुई किंवा रंधा हातात धरलेला असतो. कपाटातील वस्तू पाहताना ती कशी झाली असेल हे त्याची बोटे थोडेफार जाणतात. आपल्याकडे असा विचार झालाच नाही असे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला आकार दिला. सिग्नेउस यांच्या कायद्यानंतर ७१ वर्षांनी आलेली ही नई तालीम काही काळ चालली, आणि स्वातंत्र्यानंतर हळूहळू मुख्य प्रवाहाबाहेर पडली. ज्यांना पुस्तके परवडत नाहीत त्यांच्यासाठी टकळी, असा तिचा अर्थ लावला गेला. प्रतिष्ठेची ती जुनी भिंत तेथेही आडवी आली.

स्वतंत्र भारताने हस्तकलांसाठी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले. दिल्लीत राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय उभे राहिले. प्रगती मैदानाजवळची त्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली, आणि वस्तूंइतकेच महत्त्व त्या घडवणाऱ्यांना देऊन, देशभरातील कारागिरांना तेथे बोलावून त्यांचे काम लोकांसमोर चालू ठेवण्याची प्रथा पडली. १९६५ पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले, आणि शतकानुशतके निनावी राहिलेल्या हातांना प्रथमच नावे मिळाली. त्यांत लखनौच्या चिकनकारांची नावेही आहेत. २००८ मध्ये लखनौ चिकनला आणि २०१३ मध्ये लखनौच्या जरदोजीला भौगोलिक मानांकन लाभले. मानांकनामुळे परगावच्या यंत्रभरताला लखनौचे नाव लावण्यास कायद्याने अटकाव झाला. पण मानांकन नावाचे रक्षण करते. भरणारीच्या मजुरीविषयी ते काही बोलत नाही, आणि जाळी शिकवणाऱ्या आईविषयीही नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे, वजऱ्यांचे, दिव्यांचे जे भांडार आहे, ते पाहणाऱ्यालाही असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. कवी अज्ञातवासींनी उभ्या आयुष्यात ते एकहाती जमवले नसते तर या वस्तू मोडीत गेल्या असत्या, आणि त्यांचे ऋण आपण फेडू शकणार नाही. पण ते अडकित्ते घडवणारे कासार आणि लोहार आज कोठे आहेत? संग्रहालय या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, ते त्याचे कामही नाही. ते फक्त एवढेच सांगू शकते की एके काळी असे हात होते. लखनौची स्थिती याहून वेगळी आहे, आणि ती अधिक आशेची आहे, कारण तेथे हात अजून आहेत. कंकाली टीळ्याचे शिल्पकार दोन हजार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यासाठी जे करता येईल ते संग्रहालयाने केले आहे. चौकातल्या माडीवर, खिडकीच्या उजेडात बसून मलमलीचे दोन धागे सुईने बाजूला सारणारी स्त्री मात्र आपल्या काळात जगते आहे. तिला जाळीचे जाळीएवढे मोल मिळाले आणि तिच्या मुलीने ती जाळी आपखुशीने शिकली, तर १८६३ मध्ये छोटी छत्तर मंझिलमध्ये जे काम हाती घेतले गेले होते ते पुरे होण्याची शक्यता अजून शिल्लक आहे.